मान मोकळी झाली, पण रक्तदाबाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: पत्रलेखिका ५१ वर्षांच्या, काम बैठं. आठ महिन्यांपूर्वी नेहमीच्या तपासणीत रक्तदाब १५८/९८ निघाला. पुन्हा दोनदा मोजला, तेव्हाही जवळपास तेवढाच. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी सुरू केली आणि आकडा १३२/८४ च्या आसपास स्थिरावला. मात्र संध्याकाळी घोटे सुजायला लागले. डॉक्टरांना सांगितलं, तर ‘होतं तसं’ एवढंच उत्तर मिळालं. दरम्यान दुखऱ्या मानेसाठी त्या ॲक्युपंक्चर घेऊ लागल्या. चार सिटिंगमध्ये मान मोकळी झाली, रोजची वेदनाशामक गोळी सुटली, झोप लागू लागली. चौथ्या सिटिंगनंतर थेरपिस्टने तिथेच रक्तदाब मोजला: १२२/७८. ‘बारा सिटिंग पूर्ण करा, बीपीची गोळीही हळूहळू सुटेल,’ असं त्यांनी सांगितलं. पत्रलेखिकेने ‘हळूहळू’ची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी गोळी बंद केली. तीन दिवसांनी, पुढच्या सिटिंगला, १२६/८०. अकराव्या दिवशी भावाकडच्या मशीनवर सहज मोजला, तर १४६/९२.

‘ते मशीन जुनं आहे, चुकीचं दाखवत असेल,’ असं त्या लिहितात. ‘मला त्रास तर काहीच नाही. आईने वीस वर्षं, आठवेल तशी का होईना, बीपीची गोळी घेतली. तरी शेवटी तिला अर्धांगवायू झालाच. मग मी जन्मभर गोळीला का बांधून घ्यायचं? सुयांनी बीपी बरं होत असेल तर तेच का नको? घरी आणि डॉक्टरांना अजून काहीच सांगितलेलं नाही.’

—

आधी तातडीचं सांगते, बाकीचं सावकाश बोलू. आज डॉक्टरांना फोन करा. अकरा दिवस गोळी बंद आहे आणि १४६/९२ असं रीडिंग आलं, हे दोन्ही सांगा. बहुधा ते गोळी परत सुरू करायला सांगतील. तुमचा आकडा रात्री-बेरात्री धावपळ करावी असा नाही. पण वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि जोडीला छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, जीभ जड होणं, दिसायला अंधूक होणं यातलं काहीही असेल, तर फोनबिन न करता थेट रुग्णालय गाठायचं. तेवढा आकडा असून त्रास काहीच नसेल, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडली. ॲम्लोडिपिन अचानक थांबवली तरी रक्तदाब एकदम उसळत नाही, सावकाश पूर्वपदावर जातो. सगळ्या गोळ्या अशा नसतात. क्लोनिडीन एकाएकी बंद केली तर रक्तदाब आधीपेक्षाही वर जाऊ शकतो. ‘लॉल’ने संपणाऱ्या नावांच्या गोळ्या, म्हणजे ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे, झटक्यात सोडल्या तर हृदयविकार असणाऱ्याच्या छातीत कळ येऊ शकते. हे वाचून कुणी ‘त्यांनी सोडली, काही झालं नाही, मीही सोडतो’ असं ठरवत असेल तर कृपया थांबा.

आता तुमच्या १२२/७८ कडे येऊ, कारण तुमचा सगळा निर्णय त्या एका आकड्यावर उभा आहे. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो कुणाच्या खात्यावर मांडायचा, एवढाच प्रश्न आहे.

तो मोजला त्या दिवशी तुम्ही गोळी घेत होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त काम गोळीने आधीच केलेलं होतं. १५८ वरून १३२ पर्यंत तिनेच आणलं होतं. राहिले वरचे दहा अंक. तुम्ही अर्धा तास शांत खोलीत आडव्या होतात, फोन बाजूला, डोळे मिटलेले. अशा विश्रांतीनंतर सुया न टोचताही रक्तदाब उतरतो. शिवाय मानेचं दुखणं थांबलं होतं, आणि सततची वेदना रक्तदाब चढा ठेवते. झोप लागू लागली होती. आणि चौथी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, मला मात्र ती महत्त्वाची वाटते: रोजची वेदनाशामक गोळी सुटली होती. कोणती, ते लिहिलेलं नाही. पण ती आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या जातीची असेल, तर या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब वाढवतात. गुडघ्यासाठी, पाठीसाठी, मानेसाठी वर्षानुवर्षं त्या घेणाऱ्या कितीतरी लोकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या बाबतीत नक्की तेच झालं असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण डॉक्टरांना त्या गोळीचं नाव जरूर सांगा.

मग गोळी सोडल्यावर तीन दिवसांनीही १२६/८० कसा? तिथेही सुयांना श्रेय देण्याची घाई नको. ॲम्लोडिपिन अंगातून फार रेंगाळत जाते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. तिसऱ्या दिवशी तिचा बऱ्यापैकी अंश तुमच्या अंगात होता. अकराव्या दिवशी तो जवळपास संपलेला होता आणि नेमका त्याच दिवशी ‘जुनं मशीन चुकलं’. तीन रीडिंगांपैकी दोन मनाजोगती, तर ती खरी. एक मनाविरुद्ध, तर मशीन खराब! हा हिशेब आपण सगळेच करतो. वजनकाट्याशीही आपलं असंच वागणं असतं.

आता ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत ते: सुयांनी रक्तदाब खरंच उतरतो का?

या प्रश्नावर बरंच काम झालं आहे, आणि ते करणाऱ्यांपुढे एक अडचण कायम होती. सुई टोचून घेतल्याचा, कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष दिल्याचा, बरं वाटेल या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढायचा कसा? त्यासाठी एका गटाला ठरलेल्या बिंदूंवर सुया आणि दुसऱ्या गटाला भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया, असं करतात. रुग्णाला आपण कुठल्या गटात आहोत ते माहीत नसतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ‘शार्प’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तदाबाच्या गोळ्या न घेणारे १९२ जण, सहा ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त १२ सिटिंग. तुम्हाला सांगितली तेवढीच. दहाव्या आठवड्यात खऱ्या सुयांच्या गटाचा वरचा आकडा सरासरी ३.६ नी उतरला होता. खोट्या सुयांच्या गटाचा? ३.८ नी.

पुढच्याच वर्षी जर्मनीतून वेगळा निकाल आला. तिथे १६० रुग्ण होते, त्यातले बहुतेक गोळ्या घेणारे, आणि सहा आठवड्यांत तब्बल २२ सिटिंग. चोवीस तास दंडाला बांधलेल्या यंत्रावर मोजलं तेव्हा खऱ्या सुयांच्या गटात वरचा आकडा ५.४ नी आणि खालचा ३ नी कमी भरला. म्हणजे सुयांचे समर्थक अगदी हवेत बोलत नाहीत. पण सिटिंग थांबल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर आकडे मूळ जागी परतले होते.

२०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठाने सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडून प्रयोग केला. रुग्ण ६५, आठवड्याला एकदा, आठ आठवडे. मनगटाच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याखाली सुया टोचलेल्यांपैकी ७० टक्क्यांचा वरचा आकडा ६ ते ८ नी उतरला आणि परिणाम सुमारे दीड महिना टिकला. याच गटाने आधी प्राण्यांवर केलेल्या कामात या सुयांमुळे मेंदूच्या तळाशी, रक्तवाहिन्या आवळण्याचे हुकूम जिथून सुटतात त्या भागात, शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं कामाला लागतात असं दिसलं होतं. तेव्हा ‘सुयांनी काहीच होत नाही’ असं ठासून सांगणाराही अर्धवटच सांगतो. होतं काहीतरी. पण किती, किती जणांना, किती दिवस?

२०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेने अशा २२ चाचण्या, म्हणजे १,७४४ रुग्ण, एकत्र तपासले. त्यांचं म्हणणं असं, की सुया टोचल्यावर काही तास रक्तदाब उतरतो, पण तो तसाच उतरलेला राहतो याचा पुरावा नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्याआधीच, २०१३ मध्ये, औषधांपलीकडच्या उपायांचा आढावा घेताना चालण्यासारख्या व्यायामाला सगळ्यात वर ठेवलं आणि ॲक्युपंक्चर ‘उपयोग नाही’ या वर्गात टाकलं.

‘पण जागतिक आरोग्य संघटनेची यादी आहे ना?’ असं तुमचे थेरपिस्ट म्हणतील. आहे. २००३ च्या त्या अहवालात ॲक्युपंक्चरने फायदा होणाऱ्या विकारांत उच्च रक्तदाब आहे. त्याच यादीत त्याच्या लगेच खाली कमी रक्तदाबही आहे, ही गंमत कुणी सांगत नाही. ज्या चाचण्यांवर ती यादी बेतली, त्यातल्या पुष्कळशा लहान आणि ढिल्या होत्या अशी टीका तेव्हापासूनच होत आली आहे.

तुमच्या मनात यापुढे जी पायरी आहे, तिथे थोडं थांबू. ‘जन्मभर गोळीला का बांधून घ्यायचं?’ असं तुम्ही विचारता. सुयांच्या बाजूचा सगळ्यात चांगला निकाल धरला तरी परिणाम दीड-दोन महिन्यांत ओसरतो. म्हणजे सुयांवर विसंबायचं तर सुयाही जन्मभर! सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर एक गोळी, की दर आठवड्याला अर्धा दिवस मोडून एक सिटिंग? यातलं अधिक बांधून घेणं कुठलं?

‘बरं होणं’ हा शब्दच इथे फसवतो. ताप बरा होतो, जखम बरी होते. मध्यमवयात येणारा हा रक्तदाब बहुतेकांच्या बाबतीत बरा होत नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो. गोळीने, सुयांनी, चालण्याने, कशानेही आटोक्यात आला तरी तो उपाय थांबला की हळूहळू मूळ पदावर येतो. म्हणून ‘गोळीची सवय लागते’ असं लोक म्हणतात ते उलटं आहे. सवय लागल्यामुळे गोळी सोडता येत नाही असं नसून, मूळ कारण तिथेच असल्यामुळे ती लागते.

आणि त्रास काहीच होत नाही म्हणता, तर आठ महिन्यांपूर्वी १५८/९८ असताना तरी कुठे होत होता? तेव्हाही तो तपासणीतच सापडला. या दुखण्याला आतून जाणवण्याची सोय नाही, पट्टा बांधूनच ते कळतं.

आईबद्दल लिहिताना जरा जपून लिहिते. आईला झालेला अर्धांगवायू पाहिलेल्या मुलीने गोळीवर रुसणं मी समजू शकते. पण तुमच्याच पत्रातले चार शब्द पुन्हा वाचा: ‘आठवेल तशी का होईना’. वीस वर्षं गोळी घरात होती, अंगात किती दिवस होती? चाळिशी ते सत्तरीच्या वयात वरच्या आकड्यात २० अंकांची वाढ म्हणजे पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट. उलट, औषधाने वरचा आकडा फक्त ५ नी उतरला तरी पक्षाघात, हृदयविकाराचा झटका यांसारखे मोठे प्रसंग सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात. हा धोका गोळी शून्यावर आणत नाही. नियमित घेणाऱ्यालाही कधी पक्षाघात होतो. आईच्या बाबतीत नेमकं काय झालं ते कुणीच सांगू शकणार नाही, आणि तिच्यावर दोष टाकायचाही नाही. त्यांच्या पिढीत घरातल्या बाईचं औषध सगळ्यांचं सगळं आवरून झाल्यावर आठवायचं. माझं म्हणणं इतकंच, की तिच्या उदाहरणावरून गोळीवर निकाल देता येत नाही. मात्र तुमच्या अंगात तोच वारसा असू शकतो, हे त्यातून नक्की कळतं.

आता घोटे. खरं सांगू? मला वाटतं, गोळीवरचा तुमचा राग तत्त्वाचा कमी आणि घोट्यांचा जास्त आहे, आणि तो रास्त आहे. ॲम्लोडिपिनने पाय सुजणं ही नेहमीची तक्रार. ‘होतं तसं’ हे खरं असलं तरी ते उत्तर नव्हे. उपाय असतात. मात्रा कमी करता येते. ‘सार्टान’ने संपणाऱ्या नावांच्या गोळ्यांपैकी एखादी जोडली तर सूज बऱ्याचदा कमी होते. किंवा गोळीच बदलता येते. रक्तदाबाच्या औषधांचे चार-पाच निरनिराळे वर्ग आहेत, प्रत्येकाची कुरकूर वेगळी. कुणाला एकीने कोरडा खोकला येतो, कुणाला दुसरीने थकवा, कुणाला लघवीला सारखं जावं लागतं. आपल्याला मानवणारी गोळी सापडेपर्यंत दोन-तीनदा बदलावी लागणं यात काही वावगं नाही. पुढच्या भेटीत ‘पाय सुजतात’ एवढंच म्हणू नका. ‘पाय सुजतात म्हणून मी अकरा दिवस गोळी बंद ठेवली होती, मला दुसरी देता येईल का?’ असं विचारा. या वाक्याला ‘होतं तसं’ म्हणणं कुठल्याही डॉक्टरांना जड जाईल. तरीही म्हणालेच, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका.

मग सुया सोडून द्यायच्या का? अजिबात नाही. जुनाट दुखण्यांवर, त्यात मानदुखीही आली, ॲक्युपंक्चरचा पुरावा रक्तदाबापेक्षा बराच बरा आहे. वीस हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या. फरक फार मोठा नव्हता, पण होता. मीही एकदा मानेसाठी सुया टोचून घेतल्या आहेत. मान किती सुधारली ते सांगणं कठीण, पण त्या टेबलावर लागलेली झोप अजून आठवते. तुमची मान मोकळी झाली, वेदनाशामक सुटली, झोप लागते, हे सगळं खरं आहे आणि सुयांना त्याचं श्रेय द्या. फक्त मानेचं श्रेय रक्तदाबाच्या खात्यात लिहू नका.

थेरपिस्टना मात्र दोन-चार गोष्टी विचाराच. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या आहेत ना, पाकीट तुमच्यासमोर फोडतात ना? पहिल्यापासून तसंच करत असतील तर उत्तमच. रक्त पातळ करणारं औषध घेत असाल, पेसमेकर असेल, गर्भारपण असेल तर आधी सांगायचं. वीज जोडलेल्या सुया पेसमेकर असणाऱ्याने टाळायच्या. सिटिंगनंतर झटकन उठू नका, काहींना भोवळ येते. मानेत-खांद्यात आणि छातीजवळ टोचताना हात अनुभवी हवा, कारण क्वचित का होईना, सुई फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आणि एक नीट, न भांडता सांगा: ‘बीपीच्या गोळीचं माझे डॉक्टर बघतील.’ जो थेरपिस्ट हे हसून मान्य करतो त्याच्याकडे बिनधास्त जा. ‘मग सुयांचा परिणाम होणार नाही’ असं जो म्हणेल, त्याच्याकडे मानेसाठीही जाऊ नका.

तरीही मनातून वाटतंच, की माझ्या बाबतीत सुयांनी रक्तदाब उतरत असेल. असू शकेल. सरासरीत न दिसणारं एखाद्यात दिसतं. मग ते नीट तपासा की! गोळी चालू ठेवून तपासा. दंडाला पट्टा बांधायचं, तपासून प्रमाणित केलेलं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवतो. सकाळी, गोळी घेण्याआधी, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफी आणि सिगारेट यांना अर्धा तास होऊन गेल्यावर मोजायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीवर. ही हाताची बाब लोकांना क्षुल्लक वाटते. २०२४ च्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यावर वरचा आकडा सरासरी ४ नी आणि नुसता लोंबकळत ठेवल्यावर साडेसहाने जास्त आला. म्हणजे जेवढ्यासाठी जर्मन रुग्णांनी २२ वेळा सुया टोचून घेतल्या, तेवढा फरक हात टेबलावर ठेवल्याने पडतो! एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, संध्याकाळी पुन्हा दोनदा. सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ च्या आत हवी.

असा एक आठवडा आत्ता, डॉक्टरांनी गोळी पुन्हा बसवल्यावर. एक आठवडा बारा सिटिंग झाल्यावर. आणि एक त्यानंतर दोन महिन्यांनी. सिटिंगच्या दिवशीचं, टेबलावरून उठतानाचं रीडिंग यात धरायचं नाही. मधल्या काळात गोळी बदलली तर सुरुवात पुन्हा करायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. या तीन आठवड्यांत आकडा खरोखर खाली जाऊन राहिलेला दिसला, तर वही घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि गोळी कमी करता येईल का ते विचारा. कमी करतातही. गोळी एकदा लागली की कधीच सुटत नाही, हेही पूर्ण खरं नाही. वजन ज्यांनी खरोखर उतरवलं, मीठ निम्म्यावर आणलं, रोज अर्धा तास दमछाक होईल असं चालले, दारू सोडली, अशा काहींची मात्रा घटते, क्वचित गोळी थांबतेही. वजनाचं गणित साधारण किलोमागे एक अंक असं पडतं. मिठाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि आपल्याकडे पुष्कळसं मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जातं. झोपेत जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण झोपेत श्वास अडखळण्याचा आणि हट्टी रक्तदाबाचा जवळचा संबंध आहे. मला विचाराल तर गोळी सोडण्याची जी जिद्द तुम्ही त्या अकरा दिवसांत दाखवलीत, ती इथे जास्त उपयोगी पडेल.

घरी सांगायचं राहिलं. लपवण्याचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओरडा बसेल हेच असावं. बसू दे थोडा. तुम्हाला काही झालं, तर रुग्णालयात पहिला प्रश्न ‘कोणती औषधं चालू आहेत?’ हा असतो, आणि उत्तर घरचे देतात. त्यांनी चुकीचं उत्तर देऊ नये एवढ्यासाठी तरी सांगा.

आणि भावाचं ते मशीन पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यांच्या यंत्रावर आणि त्यावर, एकाच दंडावर, लागोपाठ मोजून घ्या. जुनं आहे की खोटं आहे ते दहा मिनिटांत कळेल. तोवर वहीच्या पहिल्या ओळीत तारीख टाकून १४६/९२ लिहून ठेवा.